रोजनिशी आणि जालनिशी

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त हळ्ळीखेड (बी) येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘रोजनिशी’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. ‘रोज’ म्हणजे दिवस आणि ‘नविशी’ म्हणजे लेखन. फडणीस, चिटणीस या हुद्द्यांच्या नावांतही हाच ‘नवीस’ दडलेला आहे. पेशवाईत रोजनिशी हे सरकारी दफ्तराचे एक अंग होते. कोणास सनद दिली, कोणाच्या नावे किती रक्कम खर्ची पडली, याची ती तारीखवार नोंद असे. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेले या रोजनिशांतील उतारे विसाव्या शतकाच्या आरंभी छापून निघाले, तेव्हा अभ्यासकांना पेशवाईचा रोजचा व्यवहार दिसू लागला. स्वतःच्या मनातले स्वतःपुरते लिहिण्याची वही, हा अर्थ त्या शब्दाला पुढे प्राप्त झाला.

१९९७ साली इंग्रजीत ‘वेबलॉग’ असा शब्द घडला आणि दोनच वर्षांत त्याचा ‘ब्लॉग’ झाला. जहाजाच्या प्रवासाची नोंदवही म्हणजे ‘लॉग’. तोच शब्द संगणकाच्या जाळ्यावर आला. मराठी लेखकांनी त्याला दोन सुरेख प्रतिशब्द दिले: ‘अनुदिनी’ आणि ‘जालनिशी’. यांपैकी दुसरा तर उघडच रोजनिशीच्या साच्यावर बेतलेला आहे. त्यामुळे या दोघी सख्ख्या बहिणी असून धाकटी आल्यावर थोरलीचे काम संपले, असा समज सहज रूढ झाला. तो समज कितपत खरा, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम जालनिशीला तिचे श्रेय दिले पाहिजे. संपादकाच्या पसंतीची वाट न पाहता, कागदाचा व छपाईचा खर्च न करता, बिदरच्या किंवा बोस्टनच्या मराठी माणसाला आपले लिखाण लोकांपुढे ठेवता आले. ज्यांनी आयुष्यात पत्राखेरीज काही लिहिले नव्हते, असे कितीतरी गृहस्थ व गृहिणी लिहू लागले. ही लहान गोष्ट नव्हे. परंतु कागद आणि पडदा हा या दोघींमधला खरा भेद नाही. रोजनिशी भ्रमणध्वनीवरही लिहिता येते. खरा भेद आहे तो वाचकाच्या जागेचा. जालनिशी लिहिणाऱ्याच्या समोर वाचक बसलेला असतो; तो मान डोलावतो, टीका करतो, पुढच्या मजकुराची मागणी करतो. रोजनिशी लिहिताना ती खुर्ची रिकामी असते.

ही खुर्ची भरली की लेखन कसे बदलते, याचे स्पष्ट उदाहरण एका लहान मुलीच्या वहीत सापडते. अ‍ॅन फ्रँकला १२ जून १९४२ रोजी, तेराव्या वाढदिवसाला, एक वही मिळाली. पुढे अ‍ॅमस्टरडॅममध्ये लपून राहत असताना ती त्यात आपले मन मोकळे करीत असे. २८ मार्च १९४४ रोजी हॉलंडच्या परागंदा सरकारातील एका मंत्र्याने लंडनहून आकाशवाणीवर सांगितले की, सामान्य माणसांची पत्रे व दैनंदिन्या युद्धानंतर जमा केल्या जातील. त्यानंतर त्या वर्षीच्या मे महिन्यात अ‍ॅनने आपल्या नोंदी सुट्या कागदांवर नव्याने लिहावयास घेतल्या. काही भाग गाळला, काही घातला, घरातल्या माणसांसाठी टोपणनावे योजली. ४ ऑगस्टला तिला पकडून नेले. १९४७ साली तिच्या वडिलांनी दोन्ही लेखनांतून निवड करून पुस्तक काढले. १९८६ साली हे पाठ शेजारी शेजारी छापलेली चिकित्सक आवृत्ती निघाली, तेव्हा स्वतःशी बोलणारी मुलगी आणि वाचकाशी बोलणारी लेखिका या दोघी प्रथमच वेगवेगळ्या दिसल्या. दुसरी पहिलीहून कमी प्रामाणिक होती असे नव्हे. मात्र पहिली वही नसती, तर दुसरी लिहिली गेली नसती.

मराठीतही असे घडले आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानात अडकले आणि झाशीचा पाडाव त्यांनी डोळ्यांनी पाहिला. ही हकीकत त्यांनी चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून १८८३ च्या सुमारास लिहून काढली. ती रोजनिशी नव्हे, आठवण आहे. परंतु तीही छापण्याच्या घाईने लिहिलेली नव्हती. वैद्यांनी ‘माझा प्रवास’ १९०७ साली प्रसिद्ध केले, ते भाषेत व मजकुरात फेरफार करून. काळाचा विचार करता ते समजण्यासारखे होते. परंतु मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात सुरक्षित राहिले, म्हणून १९६६ साली दत्तो वामन पोतदारांना भटजींचे स्वतःचे शब्द वाचकांच्या हाती देता आले.

जेध्यांची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यात शक, महिना, तिथी आणि एकदोन ओळींत घडलेली गोष्ट, अशा कोरड्या नोंदींची शकावली जपली गेली होती. लोकमान्य टिळकांच्या हाती ती आली आणि १९१६ साली प्रकाशात आली. तिच्यात शिवजन्माची तिथी शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, अर्थात १९ फेब्रुवारी १६३०, अशी होती. बखरी दरबारासाठी लिहिलेल्या. त्यांत वेगळे वर्ष रूढ झाले होते. अखेर पारडे झुकले ते एका घरातल्या त्रोटक टिपणाच्या बाजूने. घरापुरते लिहिणाऱ्याला कोणास खूश करावयाचे नसते. पुढे त्याचे वजन पडते ते याच कारणाने.

आता आपल्या मुलखाकडे वळावे. ‘हळ्ळी’ म्हणजे कानडीत गाव आणि ‘खेड’ म्हणजे मराठीत गाव. या गावाच्या नावातच दोन भाषांतली दोन गावे नांदतात. निजामाच्या अमदानीत कचेरीची भाषा उर्दू, बाजारात कानडी आणि दखनी, देवघरात मराठी, अशी येथली रीत होती. शेजारच्या माणिकनगरात माणिकप्रभूंनी मराठी, कानडी आणि हिंदुस्तानी अशा भाषांत पदे रचली, ती याच हवेत. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी बिदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. हुमनाबाद, भालकी, औराद तेव्हाच्या म्हैसूर राज्यात राहिले. उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. झहीराबाद, नारायणखेड आंध्रात गेले. कालपर्यंत ज्या गावाशी सोयरीक, तेच गाव आज परराज्यात. शाळेची भाषा, कोर्टाची भाषा, अर्जाची भाषा शासनाने ठरविली, आणि कोणत्याही राज्यात ते तसेच होते. खाजगी वही मात्र अशी जागा होती की जिथे भाषा कोणी ठरवून देत नव्हते. एका वाक्यात मराठी, पुढच्यात कानडी, मधेच कचेरीचा उर्दू शब्द आणि फसली सन, असे लिहिले तरी लाल शाईने खोडणारा कोणी नव्हता.

सरकारी कागदांत राज्य बदलल्याची तारीख मिळते. त्या रात्री एखाद्या मराठी शिक्षकाच्या घरी काय बोलणे झाले, हे तेथे मिळत नाही. १९४८ ची गोष्ट याहून गंभीर आहे. रझाकारांचा जुलूम आणि त्या सप्टेंबरातील पोलीस कारवाईनंतर झालेला हिंसाचार, दोन्हींची झळ या भागाला लागली. केंद्र शासनाने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने त्याच वर्षअखेरीस संस्थानात फिरून अहवाल दिला. पण तो अनेक दशके प्रसिद्ध झाला नाही. २०१३ साली तो दिल्लीच्या तेव्हाच्या नेहरू स्मारक संग्रहालय व ग्रंथालयात अभ्यासकांना पाहावयास मिळाला. सार्वजनिक लेखन पासष्ट वर्षे गप्प राहते, तेव्हा खरे काय घडले हे सांगणारी साक्ष कोणाच्या तरी ट्रंकेतल्या वहीतच असू शकते. ज्यांनी ते दिवस जाणत्या वयात पाहिले, त्यांतले फार थोडे आज हयात आहेत. माणसामागून वहीही गेली, तर ती साक्ष कायमची बुडाली.

अशी वही टिकते ती दोन गोष्टींच्या आधारावर: कुलूप आणि किल्ली. इंग्लंडच्या सॅम्युअल पीप्सने १६६० ते १६६९ पर्यंतची रोजनिशी लघुलिपीत लिहिली आणि आपल्या तीन हजार ग्रंथांसह केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजकडे जाईल अशी व्यवस्था केली. दीडशे वर्षे तिची उकल झाली नाही. १८१९ पासून जॉन स्मिथ नावाच्या विद्यार्थ्याने सुमारे तीन वर्षे खपून ती वाचली. त्या लघुलिपीचे मार्गदर्शक पुस्तक त्याच ग्रंथसंग्रहात होते, हे त्याला ठाऊक नव्हते. आपल्याकडे हे काम मोडी लिपीने केले. आजोबांची मोडीतली वही नातवाला अक्षरशः कुलूपबंद आहे. मोडी वाचणारे एक-दोन तरुण ज्या ग्रंथालयाने तयार केले, त्याच्याकडे किल्ली आहे. आजच्या भ्रमणध्वनीतील रोजनिशीचे कुलूप म्हणजे पासवर्ड. तो कोठेही नोंदविला नाही, तर त्या वहीला जॉन स्मिथही मिळावयाचा नाही.

जालावरचे लेखनही शाश्वत नाही. ‘जिओसिटीज’वरील असंख्य व्यक्तिगत पाने २००९ साली बंद पडली, आपल्या तरुणांचे लाडके ‘ऑर्कुट’ २०१४ साली मिटले. कागदाची गत याहून चांगली होती असेही नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले तेव्हा जुनी दफ्तरे वाळवी आणि वाण्याच्या पुड्या यांच्या तावडीतून त्यांना सोडवावी लागली. तेव्हा कागद की पडदा हा वाद निष्फळ आहे. जपणारा कोणी आहे का, एवढाच प्रश्न उरतो.

इटलीतील पिएव्हे सान्तो स्तेफानो या छोट्या गावाने त्याचे उत्तर दिले आहे. १९४४ साली माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने ते गाव जवळजवळ संपूर्ण उद्ध्वस्त केले. १९८४ साली साव्हेरियो तुतीनो या पत्रकाराने तेथे सामान्य माणसांच्या दैनंदिन्यांचे संग्रहालय उभारले. आज तेथे हजारो वह्या आहेत. त्यांतच क्लेलिया मार्की या शेतकरी स्त्रीची एक चादरही आहे. नवऱ्याच्या मृत्यूनंतर तिने आपली जीवनकथा कागदावर न लिहिता त्या चादरीवर लिहिली. ज्या गावाची जुनी घरे गेली, त्याने इतरांच्या घरांतल्या आठवणी सांभाळण्याचे व्रत घेतले. हळ्ळीखेडसारख्या गावाला हे अशक्य वाटू नये.

त्यासाठी लागते एक लोखंडी कपाट, एक नोंदवही आणि शब्दाला जागणारे कार्यकारी मंडळ. वही देणाऱ्याने ती मोहोरबंद द्यावी आणि किती वर्षांनी उघडावी ते स्वतः ठरवावे: तीस, पन्नास, वाटल्यास ऐंशी. ही मुदत महत्त्वाची आहे, कारण रोजनिशीत शेजारी असतात, भावकी असते, सुनेचे दुःख आणि सासूचाही राग असतो. ज्यांच्याविषयी लिहिले, त्यांची अब्रू हा लिहिणाऱ्याच्या मालकीचा माल नव्हे. जालनिशीला ही मुदत पाळता येत नाही, ग्रंथालयाला येते. आणि एखाद्याने आपली वही कोणाला न देता स्वतःच्या हाताने चुलीत घातली, तर तोही त्याचा हक्क मानला पाहिजे. मागितली तर परत मिळेल, अशी खात्री असेल तरच कोणी वही आणून देईल.

जे आज लिहू इच्छितात त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते: तारीख आणि गावाचे नाव कधी चुकवू नये. तुरीचा भाव, पहिला पाऊस, २०१७ साली बिदर–कलबुर्गी मार्गावर गाडी सुरू झाल्यावर वाचलेला वेळ, अशा गोष्टी क्षुल्लक समजू नयेत. भाषा सुधारू नये. घरात बोलतो तशीच उतरू द्यावी. या सीमेवरचे मराठी कसे बोलले जात होते, हे पुढच्या शतकाला त्यातूनच कळेल.

ग्रंथालयाने शंभर वर्षे छापलेली पुस्तके वाचकांना दिली. दुसऱ्या शतकात वाचकांनी आपल्या न छापलेल्या वह्या ग्रंथालयाला द्याव्यात, आणि कार्यकारी मंडळाने या वर्षीच त्या कपाटाची तजवीज करावी, अशी नम्र विनंती करून हे विवेचन येथे संपविणे उचित होईल.