एका पेटींत दोन कारभारी

एकाच वाड्यावर दोन कारभारी नेमले, म्हणजे किल्ल्या कोणाच्या कमरेला असाव्या हा प्रश्न उद्भवल्यावांचून राहत नाहीं. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स अशा दोन कार्यप्रणाली बसविल्या असतां नेमका हाच प्रश्न उभा राहतो. वडील माणसांचे हिशेब आणि पत्रव्यवहार विंडोजवर, तर अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलीचा अभ्यास लिनक्सवर, अशी वांटणी घरोघरीं होऊं शकते. यंत्र सुरू होतांना दोहोंपैकीं एकीची निवड करावयाची. दुसरी तोंवर निद्रिस्त. मुलगी लिनक्समध्यें काम करीत असतां तिला विंडोजच्या बाजूस ठेवलेलीं आजोबांचीं छायाचित्रें हवीं झालीं, तर तीं कशीं मिळवावयाचीं?

हार्ड डिस्कच्या प्रत्येक भागांत, कोणती फाइल कोठें ठेविली आहे याची जणूं एक वही असते. विंडोजची वही एनटीएफएस नांवाच्या पद्धतीनें लिहिलेली असते. ही पद्धत १९९३ सालीं विंडोज एनटीबरोबर आली. लिनक्स बहुधा ईएक्सटी४ ही पद्धत वापरते. ती २००८ पासून रूढ झाली. पुण्याच्या पेशवे दप्तरांत शिरलेल्या, पण केवळ बाळबोध जाणणाऱ्या गृहस्थाची मोडी कागदांपुढें जी अवस्था होते, तीच येथें होते. कागद शाबूत असतो, समोर असतो; वाचतां मात्र येत नाहीं.

लिनक्सनें ही परकी लिपि चिकाटीनें शिकून घेतली. २००७ सालीं एनटीएफएस-३जी या साधनाची भरंवशाची आवृत्ति निघाली, आणि २०२१ मध्यें तर लिनक्सच्या गाभ्यांतच, ५.१५ या आवृत्तींत, एनटीएफएस वाचण्यालिहिण्याची नवी सोय आली. त्यामुळें फाइलींच्या खिडकींत विंडोजच्या भागावर टिचकी मारली कीं तो बहुधा उघडतो. विंडोजची वृत्ति इतकी जिज्ञासू नाहीं. ती स्वतः होऊन ईएक्सटी४ वाचत नाहीं. उलट केव्हां केव्हां त्या भागाकडे बोट दाखवून ‘हा फॉरमॅट करावयाचा काय?’ असें साळसूदपणें विचारते. येथें होकार देणें म्हणजे वही फाडून टाकण्यास संमति देणें होय.

परंतु खरा धोका वाचण्यांत नसून लिहिण्यांत आहे. २०१२ सालीं आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नांवाची सोय आहे. ती चालू असली, म्हणजे ‘शट डाउन’ म्हटल्यावर विंडोज पुरती बंद होत नाहीं. आपल्या गाभ्याची स्थिति एका फाइलींत लिहून ठेवून ती झोपीं जाते. तिच्या स्मरणांत वहीचें कालचेंच पान असतें. मध्यंतरीं लिनक्सनें त्या वहींत नव्या नोंदी केल्या, तर जागी झालेली विंडोज जुन्या स्मरणावर विसंबून त्यांवर लिहीत सुटते. मग फाइली नाहींशा होतात, किंवा सबंध वहीच बिघडते. म्हणूनच अशा वेळीं लिनक्स तो भाग केवळ वाचण्यापुरता उघडते, अथवा उघडण्यास नकार देते. नवशिका मनुष्य याला लिनक्सचा अडेलपणा समजतो! कोणी तर ‘रिमूव्ह हायबरफाइल’ ही आज्ञा देऊन विंडोजची राखलेली स्थितिच पुसून टाकतात. विंडोज ‘हायबरनेट’ केलेली असेल, तर तींत उघडें राहिलेलें, न जतन केलेलें पत्र त्याबरोबर जातें.

उपाय साधा आहे. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलांत ‘पॉवर ऑप्शन्स’ येथें जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढून टाकावी. गंमत अशी कीं, ‘रीस्टार्ट’ केल्यास विंडोज खरोखरच बंद होते. तेव्हां लिनक्सकडे जावयाचें असतां तीच वाट धरावी.

दोहोंच्या फाइलींसाठीं निराळा, सामाईक भाग काढणें हें सर्वांत सोयीचें. तो जुन्या फॅट३२ पद्धतीचा करूं नये. तींत ४ गिगाबाइटांची एक फाइलहि मावत नाहीं, आणि लग्नाची चित्रफीत सहज त्याहून मोठी भरते. एक्सफॅट दोघींनाहि समजते, पण वीज एकाएकीं गेली असतां तिला आपली वही सांवरतां येईलच असें नाहीं. एनटीएफएस या बाबतींत अधिक सावध आहे. फाइलींचीं नांवें देतांना मात्र प्रश्नचिन्ह किंवा अपूर्णविराम घालूं नये. लिनक्स तीं चिन्हें चालवून घेते, विंडोज नाहीं.

नव्या यंत्रांपैकीं पुष्कळांवर विंडोजचा भाग बिटलॉकरनें कुलूपबंद असतो. लिनक्समधून तो उघडावयाचा तर ४८ अंकांची पुनःप्राप्ति-किल्ली लागते. लिनक्स बसविण्यापूर्वींच ती कागदावर उतरून कपाटांत ठेवावी. त्याच संगणकांत ठेवलेली किल्ली कुलपाच्या आंत राहिल्यासारखी होते.