पातेलं केवढं घ्यायचं?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला सांगितलंय, 'कॉम्प्युटरबद्दल बोल, पण आम्हाला कळेल असं.' म्हणून स्वतःच्या फजितीपासून सुरुवात करतो.

काही वर्षांपूर्वी इथल्या आमच्या मामांच्या कृषी केंद्रासाठी उधारीच्या नोंदीचं ॲप केलं. पुण्यात नुकताच रिॲक्ट शिकलो होतो. ते घेतलं, सोबत डझनभर तयार पॅकेजेस जोडली. दोन महिने खपलो. ऐन पेरणीत मामांनी जुन्या मोबाइलवर ते उघडलं, तर नुसतं चक्र फिरत राहिलं. एक नाव दिसायलाही आधी सगळा सांगाडा उतरून यावा लागायचा, आणि रेंज तर तुम्हाला माहीतच आहे! बियाण्याला आलेले शेतकरी ताटकळले. मामांनी मोबाइल ठेवला, लाल वही उघडली. म्हणाले, "भाचेबुवा, चार माणसांच्या भाजीला लग्नाचं पातेलं कशाला काढलं?"

खरं सांगतो, ते पातेलं मामांसाठी नव्हतंच. माझ्या बायोडाटासाठी होतं.

मग साधं एचटीएमएल, थोडं पीएचपी आणि एसक्यूलाइट घेतलं. चार दिवसांत झालं. आजही चालतंय.

म्हणून फ्रेमवर्क वाईट, असं मात्र नाही. नंतर एका कामावर आम्ही बाराजण होतो. 'फ्रेमवर्क नको' असा माझाच हट्ट. प्रत्येकानं लॉगिन, फॉर्मची तपासणी आपापल्या पद्धतीनं लिहिली. वर्षभरात आमचंच एक फ्रेमवर्क तयार झालं, फक्त त्याची माहितीपुस्तिका नव्हती! ज्याला ते कळत होतं तो सोडून गेला आणि आम्ही अडकलो. २००५ पासून असलेल्या जँगोसारख्या फ्रेमवर्कमध्ये सुरक्षिततेच्या नेहमीच्या फटी आधीच बुजवलेल्या असतात. तिथं मोठंच पातेलं हवं होतं.

पण उसन्या भांड्याची जोखीमही असते. मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' हे अवघ्या ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकानं एनपीएमवरून काढून घेतलं आणि जगभरातले कितीतरी प्रकल्प अडले. अनेकांना आपण ते वापरतोय हेच ठाऊक नव्हतं.

आता काम घेताना तीनच प्रश्न विचारतो. हात किती लागणार? वापरणाऱ्याकडे मोबाइल कोणता? पाच वर्षांनी दुरुस्ती कोण करणार?

लेणी बघायला आलेल्यांना टी-पॉइंटवरून बस लागते, ते बरोबरच आहे. आपण मात्र शाळेत पायीच यायचो, आणि वेळेवर पोचायचो. निदान काहीजण तरी!