पास आणि उत्तीर्ण

मराठीत इंग्रजी शब्दांचा जो भरणा झाला आहे त्याविषयी तक्रार करावयास मी येथे आलेलो नाही. ती तक्रार माझ्याहून अधिकारी माणसांनी पूर्वीच केली आहे. आणि ती ऐकून मंडळी पुन्हा रेल्वेनेच घरी गेली. आज मी एकच शब्द घेऊन बसणार आहे. तो शब्द 'पास'. चोपडे तालुक्यात इंग्रजी शिकविण्यात माझी उमेद गेली, आणि या शब्दाइतके माझ्या विद्यार्थ्यांना क्वचितच दुसऱ्या शब्दाने अडविले असेल. नवल हे की, इंग्रजीचे पहिले पुस्तक हाती येण्यापूर्वीच तो शब्द त्यांना येत होता. आणि अडचण नेमकी तेथूनच सुरू होते.

आमच्याकडील एखाद्या घरात दिवसभरात हा शब्द किती वेळा फिरतो ते पाहा. लासूरची मुलगी सकाळी एस.टी.त बसते आणि वाहकास पास दाखविते. खेड्यांतील मुलींस बारावीपर्यंत शाळेसाठी हा पास मोफत मिळतो. तो वेळेवर मिळाला नाही तर तिची शाळाच बुडते. तिचा काका जुनी मोटार पाहावयास जातो व विचारतो, "पासिंग कुठली?" उत्तर येते, "एकोणीस." म्हणजे गाडी जळगावची, अठरा असती तर धुळ्याची. ग्रामपंचायतीत ठराव पास होतो, मैदानावर चेंडू पास होतो, आजोबांच्या हृदयाची बायपास होते आणि नव्या हमरस्त्याचाही बायपास होतो. शेंगदाणे विकणारा पोरगा गाडीच्या डब्यातून 'टाइमपास, टाइमपास' ओरडत जातो. या साऱ्या वाक्यांत कोणासही कोठे अडखळल्यासारखे होत नाही. पावरी बोलणारे सातपुड्याच्या पायथ्याचे पोर, ज्यास मराठी हीच दुसरी भाषा, तेही हा शब्द बिनचूक वापरते.

आता त्याच पोरासमोर इंग्रजी वाक्य ठेवा. 'पास द सॉल्ट' म्हटले की, ते लिहिते, 'मीठ पास करा.' 'द ट्रेन पास्ड भुसावल' म्हटले की, 'गाडी भुसावळ पास झाली.' आणि 'हिज ग्रँडफादर पास्ड अवे' याचे भाषांतर एका वहीत मी वाचले आहे ते असे : 'त्याचे आजोबा दूरवर उत्तीर्ण झाले.' वर्ग हसला. परंतु त्या मुलाने आपल्याजवळ होता तो अर्थ प्रामाणिकपणे लावला होता. आपण इंग्रजी शब्द उसना घेतो तेव्हा तो सगळा घेत नाही. गरजेपुरता एखादा तुकडा घेतो आणि त्यालाच संपूर्ण शब्द समजून बसतो.

यावर शाळांतून चालत आलेला उपाय म्हणजे वहीत अर्थांची यादी करावयाची. एक, उत्तीर्ण होणे, दोन, पलीकडे जाणे, तीन, देणे, चार, खिंड, पाच, परवाना, सहा, मरणे. मूल ती यादी घोकते, आणि वाक्य समोर आले की सहांपैकी कोणता अर्थ घ्यावा हे त्यास उमगत नाही. यादीने शब्द कळत नाही. शब्दाचे मूळ चित्र कळले पाहिजे. या शब्दाच्या मुळाशी लॅटिन भाषेतील 'पासुस' हा शब्द आहे व त्याचा अर्थ पाऊल. तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला. पाऊल टाकून एका जागेवरून पुढे, पलीकडे जाणे, एवढेच ते चित्र. मीठ एका हातातून दुसऱ्या हातात गेले. गाडी भुसावळावरून पुढे गेली. ठराव सभेतून पार गेला. डोंगरातून पलीकडे जाण्याची वाट म्हणून खैबरची खिंड. आणि 'याला जाऊ द्या' असे सांगणारा कागद तो पास. राहिले आजोबा. श्रोते हो, आपण मराठीत काय म्हणतो? 'आजोबा गेले.' निराळे काही इंग्रजही म्हणत नाही.

येथे एक सावधगिरी सांगतो. 'जवळपास' आणि 'पासून' यांतील पास हा आपला घरचा, संस्कृत 'पार्श्व' शब्दापासून आलेला. त्याचा या पाहुण्याशी काही संबंध नाही. हुशार मुले हे नाते हटकून जोडू पाहतात.

अनेकार्थी शब्द ही इंग्रजीचीच खोड आहे, असा पालकांचा समज असतो. त्यांना मी 'लागणे' या क्रियापदाची आठवण करून देतो. ठेच लागते, भूक लागते, आग लागते. निकाल लागतो, नोकरी लागते, लग्न लागते. चाळीसगावाहून कन्नडकडे निघाले की औट्रम घाट लागतो. कलम लागते आणि बोचरे बोलणेही लागते. आपल्या चार वर्षांच्या मुलास हे कोणी यादी करून शिकविले? ते वाक्ये ऐकत गेले आणि शिकले. एखाद्या परदेशी माणसाने 'डेज पास्ड' याचे 'दिवस गेले' असे भाषांतर शिकून घ्यावे, आणि मग ते 'तिला' या शब्दापुढे ठेवून पाहावे. घरात पेढे वाटण्याची वेळ येईल.

आता मला ज्या शब्दाकडे यावयाचे होते तो शब्द 'उत्तीर्ण'. हा पुस्तकी, कोरडा शब्द आहे असे आपण मानतो. परंतु तो 'उतरणे'चाच सख्खा भाऊ आहे. संस्कृतातील 'तॄ' म्हणजे तरणे, पार जाणे; उत्तीर्ण म्हणजे पलीकडच्या तीराला लागलेला. आमच्या चोपड्याच्या माणसास हे समजावून सांगावे लागत नाही. तालुका तापीच्या उत्तरेस. अमळनेर, जळगाव आणि रेल्वे, सारे दक्षिणेस. पूल नव्हते त्या काळी कोठेही जावयाचे तर नदीला उतार आहे की नाही हे प्रथम विचारावे लागे. तेव्हा इंग्रजाने पावलावरून शब्द केला आणि आपण नदीवरून केला, चित्र एकच. आणखी गंमत पाहा : इंग्रजी 'पॅसेज' हा 'पास'च्याच कुळातला, आणि परीक्षेतील त्या 'पॅसेज'ला आपण म्हणतो 'उतारा'. ही जोडी कोणी मुद्दाम जुळविली असे मी म्हणत नाही. पण वर्गात सांगितली की मुलांच्या चेहऱ्यावर उजेड पडतो. मग सातबाराचा उतारा आणि विषावरचा उतारा यांचीही चौकशी तीच करू लागतात.

'नापास' या शब्दाविषयी मात्र माझे मत कठोर आहे. इंग्रजी 'पास'ला फारसी 'ना' जोडून आपण हा शब्द घरीच घडविला. 'ना' लागलेले आपले शब्द आठवून पाहा : नाराज, नापसंत, नालायक. 'नापास' त्याच पंक्तीत जाऊन बसतो, आणि मुलाच्या कानाला तो तसाच ऐकू येतो. शिवाय तो विषयाला न चिकटता माणसाला चिकटतो. 'गणितात ३५ गुण मिळाले नाहीत' ही एक हकीकत झाली; 'नापास मुलगा' ही जात झाली. 'अनुत्तीर्ण' म्हणजे फक्त अजून अलीकडच्या तीरावर असलेला. तेथे नाव पुन्हा येऊ शकते. सन २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणास मागे ठेवू नये असे ठरविले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीपुरती राज्यांना मोकळीक दिली. धोरण कोणते बरे, यावर विद्वानांत मतभेद आहेत. दहावीच्या गुणपत्रकावरही अलीकडे 'पुनर्परीक्षेस पात्र' अशा धर्तीचे शब्द आले. परंतु गुणपत्रक वर्षातून एकदा घरी येते. 'नापास' हा शब्द ओसरीवर रोज बसलेला असतो.

अडावदकडील एक कापूसवाले शेतकरी मुलाचा दहावीचा निकाल घेऊन माझ्याकडे आले होते. मी म्हटले, "गणितात अजून उत्तीर्ण व्हावयाचे आहे." ते म्हणाले, "म्हणजे नापासच ना, गुरुजी?" मी म्हटले, "भाऊ, गणित राहिले आहे. मुलगा राहिलेला नाही." ते थोडा वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. मग पुरवणी परीक्षेचा अर्ज कोणत्या तारखेपर्यंत भरावयाचा, एवढे त्यांनी विचारले.