यादी झाली, आता प्रश्न



 

2014 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या वर्गातलं विच्छेदन थांबवायला सांगितलं. योग्यच झालं. पण बेडकाच्या ट्रेची जागा बऱ्याच ठिकाणी तक्त्यांनी आणि पडद्यावरच्या चित्रांनी घेतली. जिवंत प्राणी तेव्हाही अभ्यासाबाहेर होता, आजही आहे. आता नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्र प्रकल्पाला श्रेयांक आहेत, आणि प्रकल्प म्हणून आपल्याकडे, मराठवाड्यात, जमा होते ती बहुधा सलीम अली सरोवरावरच्या पक्ष्यांची यादी. यादी हवीच, तिच्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. पण तेवढ्याने मुलगी परिस्थितिकी शिकली असं मी मानत नाही. जिच्या हातात प्रश्न आहे, आणि ज्याचं उत्तर आपल्या अपेक्षेविरुद्धही येऊ शकतं हे जिला ठाऊक आहे, ती शिकते.

असा प्रश्न कसा असतो, ते पुण्यात घडलेल्या एका कामावरून सांगतो. आबासाहेब गरवारे महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारे मिलिंद वाटवे आणि त्यांच्याबरोबरची तरुण मंडळी वेड्या राघूंकडे बघत होती. हा पक्षी मातीच्या दरडीत बीळ करून अंडी घालतो. माणूस जवळ असला की चोचीत किडा धरून तारेवर बसून राहतो, बिळात शिरत नाही. इथवर कोणीही बघेल. या मंडळींनी पुढचं विचारलं: राघू माणसाला बिचकतो, की त्या माणसाला बीळ दिसतंय याला बिचकतो? मग निरीक्षक बिळापासून साधारण तेवढ्याच अंतरावर उभा केला, पण एकदा बीळ दिसेल अशा जागी आणि एकदा मध्ये आडोसा येईल अशा जागी. बीळ दिसत नसलेल्या माणसासमोर राघू अधिक निर्धास्तपणे आत जात होते. म्हणजे समोरच्याला काय दिसतंय, याचा काही एक अंदाज त्या चिमुकल्या पक्ष्याला असावा. या कामावरचा निबंध 2002 मध्ये ‘ॲनिमल कॉग्निशन’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. साहित्य काय लागलं? वही, घड्याळ, मोजपट्टी, आणि अंतर सारखं ठेवायचं भान. त्या भानाला मी सगळ्यांत जास्त गुण देईन.

प्रश्नाबरोबर नोंदीची रीतही लागते. इथे वेरूळला, अजिंठ्याला वानरांचे कळप आहेत. विद्यार्थी जातात आणि भांडणं, उड्या, पळापळ लिहून आणतात, कारण डोळा तिकडेच जातो. वानर दिवसातला बराच वेळ नुसतं बसलेलं, पाला खात असलेलं असतं, ते वहीत येतच नाही. आफ्रिकेतल्या बबूनांचा अभ्यास करणाऱ्या जीन ऑल्टमन यांनी 1974 मध्ये या दोषावर शिस्त सांगितली. एक प्राणी आधीच निवडा आणि ठरलेला वेळ त्याच्यावरून नजर हलवू नका. किंवा ठरलेल्या अंतराने साऱ्या कळपावर नजर फिरवा आणि त्या क्षणी कोण काय करतंय तेवढंच टिपा. कंटाळवाणं आहे खरं. पण त्या कंटाळ्यातून गेलेला विद्यार्थी पुढे कुठल्याही आकड्याला विचारतो, हा जमवला कसा?

आणि मराठवाड्याइतके प्रश्न कुठे मिळणार? पैठणच्या धरणाचा जलाशय, नाथसागर, उथळ आहे. पाणी ओसरत जातं तशी काठची जमीन उघडी पडते आणि शेतकरी तिथे गाळपेर करतात. 1986 पासून हे पक्षी अभयारण्य आहे. हिमालय ओलांडून हिवाळ्यात येणारे पट्टकादंब हंस पाण्याकाठच्या गवतावर चरतात, कोवळ्या पिकावरही चरतात. मग पाणी लवकर ओसरलेल्या वर्षी ते कुठे चरतात? राखणदार शेतात असताना थवा मान वर करून किती वेळ राहतो? पैठण, गंगापूरकडची आपली मुलं त्याच शेतांतून कॉलेजला येतात. कुठल्या शेतात काय पेरलंय, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. त्यांच्या घरच्या माणसांच्या तक्रारीसुद्धा नोंदवहीत आल्या पाहिजेत, कारण पीक त्यांचं जातं.

पण अशा प्रश्नांना वेळ लागतो. सलीम अलींनी 1930 मध्ये किहीमला सुगरणीचं निरीक्षण केलं. नर घरटं अर्धवट विणतो, मादी येऊन पसंत करते, मग तो ते पुरं करतो आणि दुसरं विणायला घेतो, हे त्यांनी महिनोन्‌महिने बघून लिहिलं. तेव्हा त्यांच्या हाती नोकरी नव्हती, वेळ मात्र होता. आमच्या विद्यार्थ्याला नेमका तोच मिळत नाही. सुगरण विणते पावसाळ्यात, म्हणजे सत्र नुकतं सुरू झालेलं असतं. हंस येतात हिवाळ्यात, तेव्हा सत्र परीक्षा. वेडा राघू बीळ कोरतो उन्हाळ्यात, तेव्हा वार्षिक परीक्षा आणि सुट्टी.

म्हणून अभ्यास मंडळांकडे माझी एकच मागणी आहे. क्षेत्र प्रकल्प एका सत्रात कोंबू नका, त्याला जूनपासून पुढच्या जूनपर्यंत अख्खं वर्ष द्या. आणि विद्यार्थ्याची मूळ नोंदवही परीक्षेनंतर रद्दीत न घालता विभागाच्या कपाटात ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षीचा विद्यार्थी त्याच काठावर तोच प्रश्न घेऊन उभा राहू शकेल.