वाघोबाची हद्द

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी आपल्यापैकी एकीने कोणत्यातरी विषयावर चार शब्द बोलावेत, असा आपला रिवाज आहे. पाककृती झाल्या, बचत झाली, मुलांचे आरोग्य झाले. या खेपेस माझी पाळी आली तेव्हा मी म्हटले, मी जनावरांविषयी बोलेन. काहीजणी हसल्या. पण गेल्या पावसाळ्यापासून आपल्या वस्तीत सर्वांत जास्त बोलणे झाले ते एका जनावराविषयीच, हे तुम्हांलाही कबूल करावे लागेल.

वस्तीमागच्या डोंगराच्या बाजूला बिबळ्या दिसला. दोन कुत्री नाहीशी झाली. दिवेलागणीनंतर मुलांना अंगणात सोडायची आपली छाती होईना. मग ‘बिबळ्याला पकडून लांबच्या जंगलात सोडावे’ असा अर्ज तयार झाला आणि पुष्कळजणींनी त्यावर सह्या केल्या. दुसरी सही माझी होती. ती मी नंतर मागे घेतली. त्यावरून काहीजणी माझ्यावर रागावल्या, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच आज त्याचे कारण सांगते.

आपल्याकडे रानभाजी घेऊन येणाऱ्या वारली आजींना मी अर्जाची हकीकत मोठ्या हौसेने सांगितली. त्या शांतपणे म्हणाल्या, की एक नेला तर त्या जागी दुसरा येईल. आणि हा निदान इथल्या वाटा ओळखतो. मला ते पटले नाही. घरी लेकीला सांगितले. ती प्राणिशास्त्र शिकते. ती म्हणाली, “आई, आजी म्हणतात ते खरे आहे. जनावरांच्या हद्दी वासाने आखलेल्या असतात.” मग तिने मला वाचून दाखवले, समजावून दिले, ते असे.

आपण बोईसरकर वासाला नवख्या नाही. खिडकी उघडली की वारा कारखान्यांकडचा आहे की समुद्राकडचा, हे नाकाला आधी कळते. डाळ खाली लागली तर दुसऱ्या खोलीत समजते. तरीही जनावरांपुढे आपण या बाबतीत जवळजवळ निरक्षरच. वास ओळखणारी जनुके माणसात सुमारे ४०० असतात. २०१४ साली जपानी शास्त्रज्ञांनी आफ्रिकी हत्तीची मोजली, ती सुमारे २००० भरली. कुत्र्याच्या दुपटीहूनही अधिक!

हत्तीची सोंड म्हणजे आपण नुसता हात समजतो. पण ती त्याची वाचण्याची काडीही आहे. वाटेवर दुसऱ्या हत्तीचे मूत्र पडलेले असले की तो सोंडेचे टोक तिथे लावतो आणि तोंडात नेऊन टाळूला टेकवतो. टाळूत असले वास ओळखणारे एक निराळे इंद्रिय असते. अमेरिकेतील रासमुसेनबाईंनी आयुष्याची कित्येक वर्षे याच अभ्यासात घालवली. हत्तीण माजावर आल्याची खबर तिच्या मूत्रातील कोणत्या द्रव्याने हत्तींना मिळते, ते त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखवून दिले. नवल असे, की शंभराहून अधिक जातींच्या पतंगांच्या माद्या नराला बोलावतात ते याच द्रव्याने. एवढासा पतंग आणि एवढा हत्ती, पण अक्षर एकच!

नर हत्तीला मद चढला की गंडस्थळातून स्राव गळतो. त्याभोवती भुंगे रुंजी घालतात असे वर्णन आपल्या जुन्या संस्कृत काव्यात येते. मला ती कवींची अतिशयोक्ती वाटे. पण २००२ साली रासमुसेनबाई आणि तामिळनाडूचे हत्तींचे नामांकित डॉक्टर कृष्णमूर्ती यांनी प्रसिद्ध केले, की कोवळ्या नराच्या मदाला खरोखरच मधासारखा गोड वास असतो आणि पोक्त नराच्या मदाला उग्र दुर्गंधी. कोवळा नर जणू सांगतो, ‘मी अजून लहान आहे, माझ्याशी भांडू नका.’ थोराचा वास आला की धाकटा वाट सोडतो. मारामारी न होता काम भागते. मला ही गोष्ट फार मोलाची वाटली. वास हा त्यांच्यातला शिष्टाचार आहे. त्याने भांडणे टळतात.

आता वाघाकडे येऊ. वाघ झाडाच्या बुंध्यावर मूत्राची पिचकारी मारून आपली खूण करतो. कलकत्त्याचे डॉ. रतनलाल ब्रह्मचारी आणि त्यांचे सहकारी यांनी त्या खुणेतील एक द्रव्य ओळखले आणि १९९० साली प्रसिद्ध केले. ते द्रव्य कोणते असेल? आपल्या बासमतीला आणि आंबेमोहोराला सुवास देणारे तेच! पातेल्यावरचे झाकण काढल्यावर दरवळणारा वास रानात वाघाची खूण सांगतो, हे ऐकून मी हातातली पळी खाली ठेवली.

बिबळ्याही असेच करतो. बुंध्यावर पिचकारी मारतो, मागच्या पायांनी माती उकरतो, झाडावर नखे ओढतो, गाल घासतो. आपली मांजर पायाला गाल घासते, तेव्हा तीही थोडेबहुत हेच करत असते. येणारा दुसरा बिबळ्या या खुणा वाचतो. इथे कोण राहतो, नर की मादी, खूण ताजी की शिळी, हे त्याला उमगते आणि बहुधा तो बाजूने निघून जातो. पण खूण ताजी ठेवायला मालक जागेवर पाहिजे. त्याला पिंजऱ्यातून नेले, की पाटी पुसली जाते. मग मोकळी जागा पाहून नवे येतात आणि त्या नव्यांना आपली घरे, आपल्या वेळा, आपल्या वाटा काहीच ठाऊक नसते.

हे नुसते पुस्तकी बोलणे नाही. जुन्नरकडे बिबळे पकडून दूर सोडण्याची मोहीम फेब्रुवारी २००१ मध्ये सुरू झाली. एकूण २९ बिबळे सरासरी चाळीसेक किलोमीटरवर नेऊन सोडले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला. आधी वर्षाला सरासरी ४ माणसांवर हल्ले होत, मोहिमेनंतर ते १७ वर गेले. त्यांत जिवावर बेतणाऱ्या हल्ल्यांचे प्रमाणही दुप्पट झाले. लांब सोडलेले जनावर तिथे राहतेच असेही नाही. २००९ साली नगर जिल्ह्यात विहिरीत पडलेला एक वयस्क बिबळ्या गळ्यात पट्टा घालून माळशेज घाटात सोडला. ‘आजोबा’ म्हणून तो पुढे प्रसिद्ध झाला आणि त्याच्यावर चित्रपटही निघाला. तो शंभराहून अधिक किलोमीटर चालून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानापाशी पोचला. वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. शेवटी २०११ साली मुंबईजवळ महामार्ग ओलांडताना वाहनाच्या धडकेने तो मेला. सिंधुदुर्गातही तेच. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून दोडामार्गकडे हत्ती उतरले. केळी, माड, सुपारीच्या बागा उद्ध्वस्त झाल्या. बागायतदारांचे दुःख मोठे होते. पण हुसकावून लावलेले हत्ती पुन्हा आले.

कोणी म्हणेल, माणसाच्या जिवापेक्षा जनावर मोठे का? मुळीच नाही. जुन्नर-शिरूरकडे मुलेबाळे गेली आहेत. त्या आयांपुढे मी हे भाषण करू धजणार नाही. माणसावर चालून येणारा बिबळ्या पकडलाच पाहिजे, आणि ते वनखात्याने ठरवावे. पण आपल्या डोंगरावरच्याने आजवर आपल्याला दर्शनापलीकडे काही त्रास दिलेला नाही. कुत्री नेली, आणि कुत्री इथे कशाने जमली? आपण नाक्यावर टाकलेल्या उष्ट्याने आणि मटणाच्या दुकानामागच्या घाणीने. म्हणजे एका परीने पान आपणच मांडले आणि पाहुणा आला म्हणून अर्ज केला!

पालघरहून मनोरला जाताना वाघोबा घाट लागतो. तिथल्या देवळापाशी आपण बसमधूनच हात जोडतो. वारली लोक पिढ्यान्‌पिढ्या वाघोबाला देव मानतात आणि वाघबारशीला त्याची पूजा करतात. मुंबई, ठाणे आणि आपला पालघर या जिल्ह्यांतील वाघोबाच्या स्थानांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. वाघोबाचे भक्त गुराढोरांचे नुकसान सोसूनही त्याला वैरी मानत नाहीत, असे त्यात आहे. वाघोबाला मान द्यायचा आणि त्याच्या वाटेत यायचे नाही, असा त्यांचा करार आहे. आपण सिमेंटच्या घरांत आलो, नमस्कार तेवढा ठेवला आणि करार विसरलो.

तेव्हा मंडळाने हे करावे, अशी माझी विनंती आहे. उष्टे व मांसाचा कचरा उघड्यावर पडू देऊ नये; त्यासाठी आपण स्वतः दुकानदारांकडे आणि ग्रामपंचायतीकडे जावे. डोंगराच्या बाजूच्या रस्त्यावर दिवे मागावेत. अंधार पडल्यावर मुलांना एकटे सोडू नये. रात्री उघड्यावर वाकून किंवा उकिडवे बसून कामे करू नयेत, कारण बसलेले माणूस त्याला लहान जनावरासारखे दिसते. शेळ्या असतील त्यांनी त्या बंद गोठ्यात बांधाव्यात. आणि बिबळ्या दिसला तर गर्दी करून, दगड मारून, मोबाईल घेऊन त्याच्यामागे लागू नये. त्याला जायला वाट द्यावी आणि वनखात्याला कळवावे.

अर्ज अजून सेक्रेटरीबाईंच्या कपाटात आहे. पाठवायचा की नाही, हे पुढच्या सभेत ठरायचे आहे. ज्यांना सही ठेवायची असेल त्यांनी अवश्य ठेवावी. त्यांच्या घरी लहान मुले आहेत, त्यांची भीती मला परकी नाही. पण त्याआधी दोन महिने नाका स्वच्छ ठेवून पाहू या. सोमवारी सकाळी मी खराटा घेऊन नाक्यावर उभी राहणार आहे. ज्यांना जमेल त्यांनी यावे.