कंसाचं मुंडकं, कालियाचा फणा

विज्ञानपटाचा दुसरा भाग आला, की ‘पहिल्याची सर नाही’ हे ठरलेलं वाक्य ऐकू येतंच. नाशिकच्या एका जुन्या जोडीपुढे मात्र ते टिकत नाही. विज्ञानपट नव्हे, पण करामती त्याच जातकुळीच्या.

दादासाहेब फाळके यांचा ‘श्रीकृष्णजन्म’ 1918चा. भेदरलेल्या कंसाचं मुंडकं धडावेगळं होऊन वर जातं, आणि भोवती बाळकृष्णच बाळकृष्ण! कॅमेऱ्याची ही किमया संगणकाच्या कितीतरी आधीची.

पुढच्याच वर्षी ‘कालियामर्दन’ आला. कृष्ण तोच, म्हणजे फाळक्यांची लेक मंदाकिनी. सुरुवातीलाच ती कॅमेऱ्यासमोर नुसत्या चेहऱ्याने एकेक भाव दाखवते. जणू वडील बजावताहेत, आधी पोरीचा अभिनय पाहा, मग नाग! नाग आज बनावट वाटतो, हे खरं. पण पाण्यातली झुंज रंगते ती या चिमुरडीच्या धिटाईमुळे. पहिल्यात डोळे विस्फारतात, दुसऱ्यात जीव गुंततो.

तुलना जरा अन्यायाचीच म्हणा: ‘श्रीकृष्णजन्म’चे आज थोडेसेच तुकडे उरलेत, ‘कालियामर्दन’चा मात्र बराचसा भाग शाबूत आहे.