पाय कुणाचे?

(न्हावरे येथे उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



बोकडाचे पाये शिजवले आणि रस्सा उरला, की सकाळी तो पातेल्यात थलथलीत होऊन बसलेला असतो. पातेलं कलतं केलं तरी सांडत नाही. चुलीवर ठेवला की पुन्हा पातळ. ही किमया जिलेटिनाची. तेच जेलीच्या गोळ्यांत असतं आणि औषधाच्या कॅप्सूलच्या कवचातही. मग मुसलमानानं ते खावं की नाही, हा प्रश्न का पडतो?

कारखान्यात जनावरांची हाडं आधी सौम्य आम्लात मुरवतात. खनिज विरघळून मऊ भाग उरतो. तो काही आठवडे चुन्याच्या पाण्यात ठेवतात आणि मग गरम पाण्यात त्याचा अर्क काढतात. जिलेटिन कातडीपासूनही होतं, आणि परदेशात त्यासाठी डुकराची कातडी सर्रास वापरतात. अडचण इथं सुरू होते.

जबिहा केलेल्या, म्हणजे इस्लामी रीतीनं कापलेल्या, हलाल जनावराचं असेल, तर वाद नाही. मेलेल्या जनावराचं असेल, तर आपल्या देशावरच्या हनफी परंपरेत डुक्कर सोडून इतरांचं चरबी नसलेलं कोरडं हाड पाक, म्हणजे शुद्ध, मानतात. कोकणातले मुसलमान शाफई परंपरेचे, त्यांच्याकडे ते नापाक. डुक्कर दोघांनाही वर्ज्य. पण धर्मशास्त्रात ‘इस्तिहाला’ नावाचा एक विचार आहे: वस्तूचं मूळ रूपच पालटलं, तर हुकूमही पालटतो. दारूचा आपोआप सिरका (व्हिनेगर) झाला, की तो हलाल. मग हाडाचं जिलेटिन झालं म्हणजे रूप पालटलं, की नुसता अर्क निघाला? १९८६ मध्ये अम्मानला भरलेल्या आंतरराष्ट्रीय फिक्ह (इस्लामी धर्मशास्त्र) अकादमीच्या बैठकीनं डुकराचं जिलेटिन अन्नात नको म्हटलं. १९९५ मध्ये कुवेतच्या परिषदेत डॉक्टर आणि उलेमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, रूप पालटतं, म्हणून चालेल, असं ठरवलं. मी मुफ्ती नाही. पण मला अम्मानचं म्हणणं पटतं. थलथलला तरी रस्सा पायांचाच ना?

औषधाला मात्र वेगळं माप. २०१८ मध्ये आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची गोवर-रुबेला लस इंडोनेशियात वापरात होती. ती बनवताना डुकराचा अंश वापरल्याचं सांगून तिथल्या उलेमा परिषदेनं ती हराम ठरवली. आणि दुसरी लस हाताशी नाही, मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे, म्हणून त्याच फतव्यात टोचायला परवानगीही दिली.

आता पाकिटाकडे या. त्यावरचा तपकिरी त्रिकोण ‘मांसाहारी’ एवढंच सांगतो. म्हैस की डुक्कर, ते नाही. औषधांवर तोही सक्तीचा नाही. जीवरक्षक नसलेल्या औषधांवर खूण असावी, असं दिल्ली उच्च न्यायालयानं २००२ मध्ये म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये तो निकाल रद्द केला. माळकऱ्याच्या आणि जैनाच्या घशाखालीही तीच कॅप्सूल उतरते, तेव्हा हा प्रश्न एकट्या मशिदीचा नाही.

पर्याय आहेत. घरची जेली चायना ग्रासची होते, ते समुद्रशेवाळातून येतं. वनस्पतीच्या सेल्युलोजची कॅप्सूलही निघते. डॉक्टरांना विचारा, औषधवाल्याला विचारा; पण उत्तर मिळेपर्यंत चालू औषध बंद करू नका.

मटणवाल्याला आपण बेधडक विचारतो, “पाय कुणाचे?” पाकीटवाल्याला विचारायला का लाजायचं?